अंदाजे

हेमलताचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
जेल रोडला, भाजी घेऊन येताना,
साध्या कोरड्या फरशीवर पडली.
कोरड्या, हे ती प्रत्येकाला आवर्जून सांगते.

मंगळवारी मसाल्याचा डबा संपला.
विकतचं पाकीट आणतो म्हणालो,
तर तिनं असं पाहिलं माझ्याकडे
जसा प्रेसच्या गेटवर झडती घेणारा पाहायचा,
चौतीस वर्षं, रोज, सुटी होताना.

मग गेलो रविवार कारंजावर.
सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी,
हिरवी वेलची, एक जायफळ.
दुकानदार माझ्या मागे बघत राहिला,
वहिनी गाडी लावून येतायत, अशा आशेनं.

घरी आल्यावर: कशात किती घालू?
"अंदाजे."
अंदाजे म्हणजे किती?
"अंदाजे म्हणजे अंदाजे. हाताला कळतं."

माझ्या हाताला शंभराची गड्डी कळते.
नव्व्याण्णव असल्या तर अंगठा अडतो.
वेलची कळत नाही.
खालच्या मजल्यावरून डहाळे सोनारांचा
छोटा तराजू मागून आणला.
मण्या-वाट्या जिथे तोलतात
तिथे लवंगा ठेवल्या. साडेतीन ग्रॅम.
वहीत लिहिलं. खाली तारीख, सही.
ती इतकी हसली
की प्लास्टर टेबलावर आपटलं.

तवा तापला.
निफाडकडची थंडी खिडकीच्या काचेला
नाक लावून उभी.
आधी मिरी, कोरडीच. मग दालचिनी, लवंग.
शेवटी वेलची, सालासकट.
"वास सुटला का?" खुर्चीतून.
सुटला.
"कसा?"
कसा म्हणजे? वासासारखा.
"जळका तर नाही ना?"
अगं, चार पावलांवर तर बसलीयेस!

ती गप्प झाली.
मग प्लास्टरवरचा सुटलेला धागा ओढत म्हणाली,
"मिरी तडतडते, ते ऐकू येतं.
लवंग फुगते, ती दिसते.
दालचिनी मोडली की बोटांना समजतं.
वेलचीचंच अवघड आहे."

कधीपासून?
"तो ताप आला होता ना, दोघांना.
तुमचा वास परत आला."

पाच हिवाळे. दोन महिन्यांना एक डबा.
मी गुणाकार केलाच: तीस डबे.
तीस डबे मी पीत होतो,
पेपर वाचत, बशीत ओतून.
एकदा म्हणालो होतो, घशाला लागतोय,
पुढच्या डब्यात सुंठ कमी झाली.
मला वाटलं, ऐकते बाई.
ती माझ्या जिभेनं डबा भरत होती.

"बघत काय बसलात? करपेल.
सांगा, कसा येतोय."

मी तव्यावर वाकलो.
देवळालीच्या बेकरीचं शटर
सकाळी वर जातं, तेव्हाचा…
"ते खारीचं झालं. नीट सांगा."
द्राक्षाच्या पेटीतला कागद…
"तो ओला असतो."
चौतीस वर्षं माझं काम मोजायचं होतं.
सांगायचं कधीच नव्हतं.
डोळे मिटले.
हिरवा, म्हणालो. हिरवा आणि थोडा थंड.
तोंड उघडून श्वास घेतल्यासारखा.
"मग झालं," ती म्हणाली. "गॅस बंद करा."

मिक्सर नको, तापतो, म्हणून खलात कुटलं.
ती आवाजावरून सांगत होती:
अजून. अजून. आता जायफळ किसा.
बास.

वहीत वेलचीपुढचा आकडा खोडला,
तिथे लिहिलं: हिरवा, थोडा थंड.
सही परत केली, खाडाखोड होती म्हणून.

चहा झाला. तिनं डाव्या हातानं कप धरला,
वाफेत तोंड घातलं, जुन्या सवयीनं.
मी काही विचारलं नाही.
सुंठ जरा जास्त झाली होती.
या वेळी ते तीच म्हणाली.

तराजू पुसून परत दिला.
पण पारड्याच्या काठाला राहिलंच असणार काहीतरी.
दुसऱ्या दिवशी डहाळे सांगत होते,
कुणी बाई नथ मोडायला आली,
आणि तराजूकडे वाकून म्हणाली,
चहा टाकलाय का तुमच्याकडे?